उत्तर उजवीकडे

महाप्याच्या ऑफिसात मी रेघ ओढते.
जमीन कुठे संपते आणि खाडी कुठे लागते, ती रेघ.
एकास चार हजार ह्या मापावर बसायचं,
त्याहून जवळ जायचं नाही, अशी लेखी सूचना.
जवळ गेलं की तिवरांचा हिरवा फुटतो,
चौकोन चौकोन होतो,
मग कुठल्या चौकोनावर बोट ठेवून म्हणायचं
की इथवर पाणी?

चाक पुढे फिरवलं की खाली उतरते,
मागे फिरवलं की वर.
बटण दाबून ओढलं की
पाय न उचलता घणसोलीहून करावे.
आयुष्यात कधी बोट लागली नव्हती मला,
ती पहिल्या आठवड्यात
खुर्चीत बसून लागली.

रविवारी सारसोळ्याला आबांना मोबाइलवर दाखवलं.
दोन बोटं ठेवा. फाकवा.
पागाच्या दोरीनं घट्टे पडलेली बोटं,
काच त्यांना ओळखेना.
नकाशा एकदा थेट अरबी समुद्रात गेला,
एकदा इतका वर, की
पृथ्वीचा गोळा तळहातावर घेऊन आबा म्हणाले,
"आता यात जेटी शोध."

करंगळीनं जमलं शेवटी.
पाम बीच रोड त्यांनी न थांबता ओलांडला,
पलीकडे जेटी, जेटीला लागून ठिपके.
"हा नाथाचा होडका. ताडपत्री निली."
आणि लगेच मोबाइल फिरवायला लागले,
कारण खाडी डावीकडे होती,
आणि आबा ओट्यावर बसतात ते खाडीकडे तोंड करून.
खाडी समोर हवी. समोर म्हणजे वर.
मोबाइल फिरवला की नकाशाही फिरून पुन्हा उभा.
शेवटी आबाच उठले,
अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले,
शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

द्या इकडे, म्हटलं.
दोन बोटं ठेवून किल्लीसारखी वळवली.
खाडी वर गेली, गाव खाली आलं.
"आता बराबर," म्हणाले, आणि बसले.

मग मी माझी रेघ दाखवली.
निळी. तिवरांच्या मागून,
खाजणाच्या बांधाला वळसा घालून, नऊशे बारा क्लिक.
आबा करंगळीनं ती शेवटपर्यंत चालून आले.
बराच वेळ लागला.
"ही कंच्या तिथीची भरती गो?"

मी गप्प.

"उधानाची म्हनशील, तर पानी बांध चढून येतं.
भांगाची म्हनशील, तर हितं निस्ता चिखल.
निवट्या पलतान हितं."

तक्त्यात रकाने अकरा:
क्रमांक, लांबी, कुणी काढली, कुणी तपासली,
आणि आणखी सात, ज्यांत मी कधी काही भरलं नाही.
तिथीचा नाही.
सोमवारी बारावा जोडला.
कुंटे सर म्हणाले, हे काय?
अष्टमी, म्हटलं.
हसले. वाईट नाहीत ते,
रकाना पुसला नाही, लपवला फक्त.
जाता जाता पडद्याकडे लक्ष गेलं त्यांचं:
"आणि उत्तर कुठे आहे?"
"उजवीकडे, सर."
त्यांनी कोपऱ्यातली होकायंत्राची खूण दाबली.
खाडी, गाव, तिवर, नाथाकाकाचा ठिपका,
सगळं एका झटक्यात वळून
हजेरीला उभं राहिलं.

ते जागेवर जाऊन बसेपर्यंत थांबले.
मग नव्वद अंश. खाडी समोर.
नऊशे तेरावा बिंदू ठेवायचा होता बांधाजवळ,
माउस तसाच धरून
डाव्या हातानं घरी फोन लावला:
आबा, आज कुठवर आलंय?